‘थोडी शुगर निघालीय’: पहिले तीन महिने

औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे करताना माणूस आवाज खाली आणतो, तेव्हा ती चिठ्ठी बहुतेक वेळा मधुमेहाची असते. “थोडी शुगर निघालीय,” असं म्हणतात. ‘थोडी’ हा शब्द हमखास असतो. अकरा वर्षांपूर्वी माझी निघाली तेव्हा मीही घरी असंच सांगितलं होतं. उपाशीपोटी १६८ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) ८.१. म्हणजे थोडी वगैरे काही नव्हती.

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती, कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण चिठ्ठी घेऊन घरी गेलेला माणूस पुढे काय करतो हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. साखरेचा डबा फडताळावर जातो. भात बंद होतो. शेजारच्या काकांनी सांगितलेला कारल्याचा रस सुरू होतो. तिसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न येतं आणि सगळंच सुटतं. एवढ्या हाणामारीपेक्षा पहिले तीन महिने आपल्या शरीराची चाल ओळखण्यात घालवावेत, असं माझं मत आहे. तीनच महिने का, ते रिपोर्ट वाचताना कळेल.

कागदावरचे आकडे

रात्रभर उपाशी राहून सकाळी दिलेल्या रक्तात साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याहून वर असेल तर मधुमेह. मधला पट्टा म्हणजे लोकांची लाडकी ‘बॉर्डर’. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी घेतलेल्या रक्तात २०० किंवा त्याहून वर, तरीही मधुमेह. आणि तिसरा आकडा एचबीएवनसीचा, ज्याला आमच्याकडे सरळ ‘तीन महिन्यांची’ म्हणतात. तो ६.५ किंवा वर असला की झालं. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असं काहीच नसेल, तर मात्र एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. ती झाली नसेल तर खुशाल विचारा.

‘तीन महिन्यांची’ हे काय प्रकरण आहे? गुऱ्हाळावर काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर रसाचे डाग पडतात. सदरा जितका चिकट, तितका रस उडालेला. आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिन चिकट झालं, तो हा आकडा. ७ आला तर गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी १५४ च्या आसपास होती, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस फक्त मुगाचं पाणी पिऊन हा आकडा फसत नाही. (प्रयत्न करणारे भेटतात.) आणि म्हणूनच आज केलेल्या बदलाचा निकाल तीन महिन्यांनीच नीट दिसतो.

यात एक मेख आहे. सदराच वेगळ्या कापडाचा असेल तर डागांवरून अंदाज चुकतो. लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खोटा कमी येऊ शकतो. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या ज्या घरांत सिकलसेल आहे, त्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावंच.

काही न खाता सकाळी साखर कशी वाढते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “रात्री आठला अर्धी भाकरी खाल्ली, सकाळी १६०. आली कुठून?” यकृतातून आली.

यकृत म्हणजे घरातली कणगी. जेवणातली जास्तीची साखर तिथे साठते आणि रात्री आपण झोपलो की थोडी थोडी बाहेर सोडली जाते, कारण मेंदूला रात्रीही खायला लागतं. बाजारात माल पुरेसा झाला की ‘कणगी बंद करा’ अशी हाळी देण्याचं काम इन्सुलिनचं. त्याच हाळीवर स्नायू नावाची गिऱ्हाइकं रक्तातली साखर उचलतात. टाइप टू, म्हणजे बहुतेकांना होणाऱ्या मधुमेहात हाळी दिली जाते, पण कणगीवाला बहिरा होतो आणि गिऱ्हाइकंही जागची हलत नाहीत. मग इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड आणखी मोठ्यानं ओरडतं. हे ओरडणं कित्येक वर्षं चालतं आणि तेवढी वर्षं रिपोर्ट चांगले येतात. शेवटी घसा बसतो, तेव्हा ‘थोडी शुगर’ निघते.

बहिरेपणा येतो तो मोठ्या प्रमाणात नको तिथे साठलेल्या चरबीमुळे: यकृतात, स्वादुपिंडाच्या आसपास, पोटाच्या आत. इथे आपल्या लोकांची एक वेगळी कथा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून जाड. “मी तर काडी, मला कशी शुगर?” याचं उत्तर त्या एका फोटोत आहे. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. आपल्याकडे पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत असावा असं मानतात. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजायचा. पोट ओढणाऱ्यांत मीही होतो.

आपण एकटे आहोत असं वाटत असेल तर तेही खरं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाणात सगळ्यात वर होता गोवा, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात चार प्रौढांमागे एक.

ही चरबी हटली तर बहिरेपणाही कमी होतो का? बऱ्याच जणांत होतो, निदान सुरुवातीच्या वर्षांत. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासाचा निकाल २०१७ मध्ये आला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नाहीत आणि इन्सुलिन सुरू नाही, अशा वजनदार लोकांना काही महिने अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. वर्षभरानंतर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, हेही सांगायला हवं. वजन परतलं की साखर परतते. डॉक्टर याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, मधुमेहाने माघार घेतली म्हणतात, आणि तपासण्या चालूच ठेवतात. शिवाय ५५ किलोच्या माणसाने १५ किलो उतरवायला जाऊ नये. त्याच्यासाठी तीन-चार किलोही पुष्कळ असतात.

मीटर: दवाखाना नव्हे, मास्तर

ग्लुकोमीटर घेतला की लोक रोज सकाळी उपाशीपोटीचा आकडा बघतात, उसासा टाकतात आणि मीटर कपाटात ठेवतात. पट्ट्या फुकट जातात. आकडा एकटा काही शिकवत नाही, जोडीनं शिकवतो. आठवड्यातलं एक जेवण निवडा. पहिल्या घासाआधी एकदा बघा आणि त्या घासापासून दोन तासांनी एकदा. ताटात काय, किती होतं ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात तेच जेवण थोडं बदलून पुन्हा.

माझ्या वहीचं पहिलं पान अजून आहे. मोठी ताटली कांदेपोहे: आधी १३४, नंतर २२६. पुढच्या आठवड्यात अर्धे पोहे आणि मटकीची उसळ: आधी १३०, नंतर १७८. मी पोहे सोडले नाहीत, पण त्या दिवसानंतर एकटे कधी खाल्ले नाहीत. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य धरतात. वयस्कर माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात, गरोदर बाईला अजिबात देत नाहीत.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापून तसंच बोट टोचलेल्या एका आजींना मीटरने ३४० दाखवले होते. हात धुऊन पुन्हा बघितलं तर १५२. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणि चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तेव्हा काल १५० आणि आज १६२ यावर घरात चर्चासत्र नको.

ताट

साखर बंद करणं सोपं आहे आणि पहिल्याच दिवशी करा. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला जवळपास ४० ग्रॅम साखर, जेवणाच्या बाहेरच. गूळ, मध, खडीसाखर ही तिचीच भावंडं आहेत. ‘गूळ चालतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की दुकानात पाटी लावायचा विचार होता. ‘शुगर-फ्री’ बिस्किटातही मैदा असतोच.

अवघड भाग पिष्टाचा. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा या सगळ्यांची पोटात गेल्यावर साखरच होते. भाकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. ज्वारीत चोथा चांगला असतो आणि मी स्वतः भाकरीच खातो, पण ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दोन छोट्या फुलक्यांत तेवढीच. वाटीभर शिजलेल्या भातातही जवळपास तेवढीच. “भात सोडला, आता तीन भाकऱ्या खातो,” म्हणणाऱ्याची साखर का उतरत नाही हे यावरून कळेल.

काय बंद करायचं यापेक्षा ताटाची वाटणी बदला. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर (बटाटा या अर्ध्यात धरायचा नाही). पाव ताटात प्रथिनं: घट्ट वरण, उसळ, अंडी, मासे, चिकन, पनीर, जे घरात शिजतं ते. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. उसळीतही पिष्ट असतं, पण चोथा आणि प्रथिनं सोबत असल्याने ते हळू चढतं. आपल्या वरण-भाजीत प्रथिनं फार कमी असतात, आमटी बरेचदा डाळीपेक्षा पाण्याची असते. तिकडे आधी लक्ष द्या.

दुसरी गंमत जेवणाच्या क्रमाची. आपली पद्धत पहिला वरण-भात, त्यावर तूप, मग पोळी-भाजी. म्हणजे रिकाम्या पोटी सगळ्यात आधी भात! हाच क्रम उलटा करा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, मग भाकरी, शेवटी दोन घास भात. तेच पदार्थ, तेवढेच, आणि तरी दोन तासांनंतरचा आकडा बहुतेकांचा कमी येतो. मीटर घरात आहे, करून बघा. आमच्या घरी आईने हा क्रम पाहून ‘हे काय सुतकातलं जेवण’ असं म्हटलं होतं, ते सोडा.

उपवास हा स्वतंत्र विषय आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा, सोबत रताळं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पट्ट्यांचा खप वाढतो. उपवास करायचाच असेल तर थोडी भगर, भरपूर शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी असा करता येतो. फळ अख्खं खा, एका वेळी एक, रस काढून नको. हापूसची एक-दोन फोडी जेवणाचा भात कमी करून बसवता येतात. एक डझनाची पेटी नाही बसत.

कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांनी सहसा काही बिघडत नाही, फार तर थोडा फायदा होतो. बिघडतं ते त्यांच्या भरवशावर गोळी बंद केल्यावर.

चालणं

चालताना स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनच्या हाळीची फारशी वाट न बघता साखर उचलतात. बहिऱ्या गिऱ्हाइकाला हाताला धरून दुकानात आणण्यासारखं आहे हे. म्हणून सकाळचा फेरफटका चांगलाच, पण जेवणानंतरची १०-१५ मिनिटं सगळ्यात किफायतशीर. गल्लीत, गच्चीवर, फोनवर बोलत घरातल्या घरात, कुठेही. आठवड्याला एकूण १५० मिनिटांचं लक्ष्य ठेवतात. स्नायू जितके जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त, तेव्हा आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं हेही हवं.

गोळ्या

“एकदा गोळी लागली की सुटत नाही” या भीतीने सुरुवातच न करणारे बरेच असतात. मी चार महिने टाळली, तेही औषधाच्या दुकानात बसून! सुरुवातीच्या वर्षांत साखर ताब्यात ठेवल्याचा फायदा पुढे खूप काळ टिकतो, हे ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. तेच चार महिने मी वाया घालवले.

बहुतेकांना पहिली गोळी मेटफॉर्मिनची मिळते. ती मुख्यतः त्या कणगीचं दार ओढून घेते. जुनी, स्वस्त, जनऔषधी केंद्रात तर फारच स्वस्त. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं. जेवणासोबत घेतली, डोस हळूहळू वाढवला किंवा सावकाश विरघळणारी गोळी घेतली तर बहुतेकांना सोसते. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच बेताचं असतं. पायाला मुंग्या आल्या की सगळा दोष मधुमेहावर जातो, बी-१२ बघायचं राहून जातं.

आता पाकीट उलटून नाव वाचा. त्यावर ‘ग्लिमेपिराइड’ किंवा ‘ग्लिक्लाझाइड’ लिहिलं असेल, तर ही गोळी स्वादुपिंडाला ओरडायला लावते, तुम्ही जेवला असा किंवा नसा. ही घेऊन जेवण टाळलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: थरथर, घाम, धडधड, अचानक कडकडून भूक, डोकं न चालणं. अशा वेळी तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, अजून कमी असेल तर पुन्हा साखर, मग जेवण. चॉकलेट-बिस्किट नको, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. म्हणूनच निर्जळी एकादशी असो की डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या सांगण्याप्रमाणे दोनदाच जेवणं असो, ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सुरू करण्याआधी डोस बदलून घ्यावा लागतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी.

‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंडालाही त्यांचा फायदा होतो. त्यांतल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि किमती बऱ्याच उतरल्या. या गोळ्या चालू असताना लघवीच्या रिपोर्टवर साखर चार अधिक (++++) दिसणारच, घाबरून धावत येऊ नका. लघवीच्या जागी खाज सुटली तर मात्र सांगा.

“माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी त्याची गोळी का दिली?” मधुमेहात मोठा धोका हृदयविकाराचा असतो आणि चाळिशीनंतर ती गोळी त्यासाठीच असते. रक्तदाबही १३०/८० च्या आत ठेवायचा तो याचसाठी.

एक गोष्ट थांबण्याची नाही. झपाट्याने वजन उतरतंय, तहान भागत नाही, उलट्या होतायत, किंवा वय लहान आहे, तर तो वेगळ्या प्रकारचा मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. मधुमेहात क्षयरोगाचा धोका वाढतो.

पुढच्या भेटीला जाताना

साखर बरीच वर्षं गुपचूप वाढलेली असू शकते, म्हणून काही तपासण्या निदान झाल्याबरोबर करायच्या आणि मग दरवर्षी. डोळ्यांत औषध घालून आतल्या पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती नव्हे. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे चक्कर.

आणि पाय. घरात चप्पल घालायची, देवळाच्या तापल्या फरशीवर मोजे. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. डॉक्टर पायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात आणि ते राहून जातं. मी एक युक्ती करतो: खुर्चीवर बसल्या बसल्या वही टेबलावर ठेवायची आणि काही न बोलता चपला काढून ठेवायच्या.